करडी पँट उसवून ठेवलीय

बाबा,

चहा ठेवू नका, बिस्किटही नको. पोटाच्या डॉक्टरांनी अकराला उपाशीपोटी बोलावलंय. मी शाळेचे गणवेश पोचवून परस्पर हॉस्पिटलच्या दारात थांबते.

टेबलावरचा, तुम्ही भरलेला फॉर्म मी वाचला. 'शौचातून रक्त जातं का?' यापुढची जागा कोरीच सोडलीत. घरातला संडास मी धुते, बाबा. तिथे 'हो' लिहा. ॲसिडिटीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं तुमच्या खिशांतून काढून मी पिशवीत घातलीत, तीही आणा.

'वजन घटलंय का?' यापुढे मात्र ठसठशीत 'नाही', आणि वर 'जुनेच कपडे नीट बसतात.' तो उद्योग माझा. आत्या तुम्हाला 'किती वाळलास' म्हणाली आणि तुमचा चेहरा पडला, तेव्हापासून तुमच्या पँटी मी तीनदा कंबरेत कमी केल्या, गुपचूप. निदान तुम्ही धास्ती तरी घेणार नाही, असं वाटलं. माझी शिवण दिसत नाही म्हणून गिऱ्हाइकं कौतुक करतात. तुम्हाला ती दिसायला हवी होती. चौतीसची कंबर तीसवर आलीय. तोंडावर सांगायचा धीर झाला नाही.

करडी पँट उसवून मूळ मापाची केलीय, खुर्चीवर आहे. तीच घाला. पट्ट्याने आवळून पुन्हा 'नाही' म्हणाल, म्हणून पट्टा मी नेलाय. घसरली तर हाताने धरा, दारात माझ्यावर हवं तेवढं ओरडा, पण या.

ठमी