डाव्या पंखातलं नाव

नाना, काल वालूरच्या त्या विमानाचा डावा पंख मी उघडला. आपण बापलेकींनी ज्याला कापड चढवलं होतं, तोच. मालक जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या नातवाला आता आजोबांचं विमान पुन्हा उडवायचंय आणि पंखांना कापड चढवणारं माणूस शोधत तो माझ्यापर्यंत आला. अर्थात तुमचं नाव घेऊनच आला. "तुम्ही नानांच्या हाताखाली होता म्हणे," असं म्हणाला. हाताखाली! मी तुमच्या समोर होते नाना. मधे पंख उभा असायचा, म्हणून कुणाला दिसले नाही, एवढंच. पण पोराचा काय दोष, त्याला जे सांगितलं गेलं तेच तो बोलला.

तेव्हाचं अजून डोळ्यांसमोर आहे. सरकीच्या गोदामात पंख उभा करून ठेवलाय. लाकडी फासळ्यांवर दोन्ही अंगांनी कापड ताणलेलं आणि ते एकेका फासळीला मेणाच्या दोऱ्यानं बांधून घ्यायचं. एकट्याचं कामच नाही ते. तुम्ही पलीकडून ती लांब सुई खुपसता, मी अलीकडे ओढून घेते, फासळीला वळसा देऊन परत पाठवते, शेवटी गाठ मारते. गाठ माझ्या अंगाला पडायची. तुमचा चेहरा दिसायचा नाही, कापडातून बाहेर येणारं सुईचं टोक तेवढं दिसायचं. एकदा माझी एक गाठ ढिली पडली, तर तुम्ही फिरून माझ्या बाजूला आलात आणि ब्लेडनं अख्खी ओळ कापून काढलीत. "परकर शिवायलीस का? वर वारं घुसलं तर कापड फाटंल अन् माणूस मरंल!" त्या बोलण्याचा मला राग नाही. तुमचं बरोबरच होतं. मी रडत रडत सगळी ओळ पुन्हा बांधली आणि त्यानंतर माझी गाठ कधी ढिली पडली नाही. राग आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा.

कापड चढवायच्या आधी कारागिरांनी आतल्या पहिल्या फासळीवर आपलं नाव लिहायचं, ही रीत तुम्ही हैदराबादच्या वर्कशॉपमधून आणलेली. पुन्हा कधीतरी कुणी पंख उघडेल, तेव्हा त्याला कळावं हे कुणाच्या हातचं काम. तुम्ही मोठ्या कौतुकानं मला ते सांगितलं होतंत. उजवा पंख आपण पुरा केला होता, डाव्याची तयारी चालली होती. तुम्ही कानामागची पेन्सिल काढलीत आणि मी विचारलं, "नाना, माझं?" तुम्ही वरसुद्धा पाहिलं नाहीत. "पोरीचं नाव उद्या बदलतंय. बदलणारं नाव कशाला लिव्हायचं? जा, मालकाला च्या घेऊन ये." मी चहा घेऊन आले तोवर तुम्ही फासळीवर कापड ओढून घेतलं होतंत. मालकांनी कप घेता घेता विचारलं, ही पण शिकली का? तुम्ही हसून म्हणालात, "छे, पोरगी निस्ती सुई माघारी देती. काम माज्या पोराच्या हातात जाणार हाय." हे सगळं माझ्यासमोर, माझ्याच हातचा चहा पीत.

आणि नाव बदलण्याचं काय झालं, तेही ऐका. कापड ताठ करायला त्याच्यावर जे डोप लावायचो, त्याचा वास माझ्या हातातून जायचा नाही. आई म्हणायची भाकरीलासुद्धा येतो. चारठाण्याचे पाहुणे बघायला आले, मुलाच्या आईनं माझ्या हातून पोह्यांची बशी घेतली आणि नाक मुरडलं. ते गेल्यावर तुम्ही मला म्हणालात, "हात नीट धुवाय काय झालं व्हतं?" मला! आदल्या दिवशी डोपचा डबा माझ्या हातात तुम्हीच दिला होतात. पुढं दोन-तीन स्थळं अशीच गेली आणि मग तुम्हीही गेलात. ज्याच्या बदलण्याची तुम्हाला एवढी घाई होती, ते नाव आजतागायत आहे तसंच आहे. मी हैदराबादला जाऊन त्याच कामावर उमेदीची वर्षं काढली, तिथं माझी पहिली गाठ बघूनच कामावर घेतलं, दुसरं कुणी काही विचारलं नाही. पण ते तुम्हाला कुठं बघायचं होतं.

काल पलीकडच्या बाजूला धाकट्या भावाला बोलावलं. पाथरीतलं ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टांचं दुकान बंद ठेवून बिचारा जीपनं आला. कापड पार कुजलं होतं, हात लावला की फाटत होतं. गाठी मात्र एकही सुटलेली नव्हती. माझ्याच गाठी मी ब्लेडनं एकेक करून कापल्या. पहिल्या फासळीवरचं कापड सोललं आणि तुमचं टपोरं अक्षर दिसलं. तुमचं नाव आणि त्याच्या खाली धाकट्याचं.

त्यानं स्वतःच्या नावावर बोट ठेवलं. "आक्का, ह्ये माजं नाव कशाला हाय इथं? मला तर त्या वासानं उलट्या व्हायच्या. मी गोदामात कव्हा पाय तरी ठिवला का?"

"नानांनी लिहिलंय," मी म्हणाले.

"लय वंगाळ केलं नानांनी." मग त्यानं स्वतःच पॉलिश पेपर घेतला आणि घासायला लागला. घासता घासता डोळे पुसत होता. मला रडू आलं नाही. मला तुमचा संताप आला नाना, इतका की त्याच्या हातातला कागद घेऊन तुमचंही नाव घासून टाकावंसं वाटलं. नाही घासलं. तुम्ही काम केलं होतंत, आणि केलेल्या कामाचं नाव पुसू नये एवढी अक्कल मला आहे. तुम्हाला नव्हती.

धाकट्यानं पेन पुढं केला. मी लिहिलं. तो वाचून म्हणाला, "आक्का, मधलं ऱ्हायलं की, नानांचं."

"राहू दे," म्हणाले आणि कापड ओढून घेतलं. आता नवं कापड इस्त्रीनं ताणतात, वास नाही की काही नाही. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघा भावंडांनी पाच फासळ्या बांधल्या. त्याची सुई वाकडी येते, पण येते.

हे लिहितेय ते त्याला कळलं, तर म्हणाला पंखातच ठेवून दे. ते काही जमणार नाही. पंखात सुटं काही राहता कामा नये. तेव्हा हे माझ्याजवळच राहील. एक मात्र सांगते. काल नाव लिहिताना माझं नाव आणि आडनाव यांच्या मधे तुमचं नाव मावेल एवढी जागा सोडलीय. भरायला हात धजला नाही, आणि ती न सोडता लिहवेना.