रिंगण न आखता म्हटलेला मंत्र

म्हैसूर, गुरुवार

ती. आईस मृण्मयीचा वाकून नमस्कार.

आम्ही बरे आहोत. अवनीला चौथा दात आला. तुझा गुडघा कसा आहे?

आई, चार दिवस तुझा फोन उचलला नाही, कारण माझा आवाज गेलाय. तुझ्या साध्या फोनवर मेसेज नीट दिसत नाहीत, म्हणून स्पीडपोस्टने कळवते. खालच्यांचा कुत्रा सारखा भुंकत होता आणि माझी ऑफिसची मीटिंग होती. घाईघाईत मौनमंत्र म्हटला. आधी तांदळाचं रिंगण आखायचं, हे तू शंभरदा बजावलंस. मी आखलं नाही. कुत्रा गप्प झाला, आणि अख्खी इमारतही.

घरमालकीण नागरत्नाअक्कांना वाटतं घशाची साथ आहे. त्या माझ्यासाठी रोज कषाय, म्हणजे आपला काढा, उकळून आणतात. मी मुकाट पिते.

अवनीच्या पायात पैंजण घातलेत, म्हणजे ती कुठे आहे ते कळतं. काल बराच वेळ ते वाजले नाहीत. लाटणं टाकून धावले, तर दारात तिचं बोट चेमटलं होतं. तोंड उघडं, चेहरा काळानिळा. किती वेळ रडत होती, कोण जाणे.

मग मंत्रकचेरीत जाऊन सगळं लिहून दिलं. परवाना गेला. जाऊ दे. पण उतारा मंत्र म्हणणाऱ्याने किंवा शिकवणाऱ्यानेच मोठ्याने म्हणायचा असतो, आणि फाटकाबाहेर गेले तरी मला तोंडच नाही.

तू ये. फाटकाच्या आत येऊ नकोस, तुझाही आवाज जाईल. रस्त्यावरूनच म्हण.

अवनीचं रडणं ऐकू आलं, की समजेन तू आलीस.

तुझी,
मृण्मयी