पाखाडी उतरतील असे बूट

रविवार संध्याकाळ, मुलुंड

आज तिसरं दुकान. सायकलचे बूट पायात चढवून दुकानदाराने मला स्टुलावरच बसवून ठेवलं. म्हटलं, चालून बघतो. तर म्हणतो, "सायकलवर चालायचंय कशाला?" अरे बाबा, गावाला जायचंय मला! घाटात सायकल ढकलायची, शेवटी घरापर्यंत पायऱ्यापायऱ्यांची दगडी पाखाडी उतरायची. कडक सोलने तिथे घसरणार, मऊ सोलने पॅडल मारून पाय बधिर होणार. मधलं काहीच बनवत नाहीत का हे लोक?

वैतागून मऊच घेतले. घरभर चालून बघितलं, झकास. आई बघत होती. म्हणाली, "पाखाडी उतरशीत रे, पण सायकलीवर शेवटचो कधी बसलस?"

खाली पार्किंगमध्ये गेलो. दोन्ही टायर बसलेले, सीटवर कोळ्याची जाळी. तीन आठवडे मी नुसते बूटच बघतोय.