तटाबाहेरची वाट

रविवार, १८ जानेवारी २००४

संक्रांतीला माहेरी आलेली सुमी आज म्हणाली, "दादा, गडावर जाऊया. तटाच्या भाईरनं चालू." लहानपणी आम्ही तिथंच शेरडं राखायचो. खाली धरणाचं पाणी निळंशार दिसत होतं. वाट अरुंद, म्हणून मी पुढं, ती मागं. अर्ध्या वाटेवर ती मागून म्हणाली, "मला न्हाई परत जायाचं. त्यो मारतुया."

मला धड वळताही येईना. एका अंगाला तट, दुसऱ्या अंगाला दरी. तिचं तोंड बघायला हवं होतं का? बघून काय केलं असतं? एवढंच बोललो, "न्हाई धाडत तुला."

घरी आलो तर दाजी ओट्यावर चहा पीत बसलेले. आईनं सुमीची पिशवी भरूनच ठेवलेली. मी म्हणालो, "चार दिस ऱ्हाऊ दे तिला." वडील खेकसले, "धाकटीचं लगीन ठरतंय, कळतंय का?" मी पिशवी उचलून दाजींच्या जीपमध्ये नेऊन ठेवली. गडावर वळायला जागा नव्हती. इथं काय नव्हतं?

सुमीनं चपला घातल्या. जीपमध्ये बसताना माझा हात धरून म्हणाली, "जेवून घे दादा. उपाशी नगं झोपू."