बिनकांद्याची चायनीज भेळ

सुरत

ती. रजनीमावशी,

तुला आणि काकांना वाकून नमस्कार. तुझे गुडघे आता कसे आहेत? गायत्रीच्या लग्नाच्या धावपळीत गोळ्या विसरू नकोस.

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, की आमच्या महाराष्ट्र मंडळाने गणपतीत मला व्यासपीठावर बोलावलंय. ते चुकलं. बोलावलं होतं व्यासपीठाशेजारी, चायनीज भेळेच्या स्टॉलवर. (धुळ्यात तू कौतुकाने सगळ्यांना सांगितलं असशील, तर कृपया पुन्हा सांग.)

अथर्वशीर्ष मला पाठ आहे, हे मंडळाला ठाऊक आहे. शाळेच्याही आधी आईने ओट्यावर पीठ पसरून मला अक्षरं गिरवायला लावली आणि पोळ्या लाटता लाटता ते म्हणवून घेतलं. पण अध्यक्ष काशिनाथकाका म्हणाले, "पोरी, म्हणायला पुष्कळ जणी आहेत. तुझा चेहरा स्टॉलवर शोभेल. तुझ्या घरचंच तर आहे!" आमच्या घरचं म्हणजे वरणभात. पप्पांचे आजोबा चीनहून इकडे दात बसवायला आले, पप्पा कतारगामला तेच करतात आणि आमटीत शेवगा नसला तर ताटावरून उठतात. (मागे चीनहून आलेला भरतकामाच्या मशीनचा फिटर दाढ धरून दवाखान्यात आला. आम्हाला पाहून त्याचे डोळेच भरले, भडाभडा बोलत सुटला. आम्हा दोघांना एक अक्षर कळलं नाही. शेवटी त्याने मोबाईलवर भाषांतर करून विचारलं, तुमचं मूळ गाव कोणतं? मी म्हटलं, धुळे. पुढे तो फक्त दाढेविषयी बोलला.)

तर स्टॉल लावला. गणपतीच्या मांडवात कांदा-लसूण कसा चालेल, म्हणून मी दोन्ही वगळलं. वगळ असं कुणी म्हणालं नव्हतं. पहिलंच गिऱ्हाईक तोंड वाकडं करून म्हणालं, "बेन, चायनीज थईने चायनीज बनावतां नथी आवडतुं?" (म्हणजे, चायनीज असून चायनीज करता येत नाही?) सगळे हसले, काशिनाथकाका सर्वांत जास्त. तिकडे व्यासपीठावर त्यांची स्नेहा अथर्वशीर्ष म्हणत होती, मधल्या दोन ओळी खाऊन. मी भेळ ढवळता ढवळता त्या मनात म्हणून टाकल्या. देवाला अपुरं जायला नको.

पप्पा म्हणतात, हसण्यावारी ने. नेतेच आहे.

तुझी भाची,
मृणाल ल्यू

ता. क. आई सांगत होती, लग्नात गायत्रीमागे कऱ्हा आणि दिवा घेऊन करवली म्हणून काकांची पुतणी कविता उभी राहणार, कारण फोटो पाहून मुलाकडचे विचारतील, 'ही कोण?' आणि मी चायनीजच्या काउंटरवर लक्ष ठेवायचं. आईची ऐकण्यात चूक झाली असेल, तर मला बरंच वाटेल. गायत्रीला सख्खी बहीण नाही. तिच्या बाहुलीच्या लग्नातसुद्धा करवली मीच होते, आणि तेव्हा बाहुल्याकडच्यांनी काही विचारलं नव्हतं.

ता. क. पुन्हा. कुणी विचारलंच, तर 'बहीण' म्हणून सांग. एवढं मागण्यासाठीच हे सगळं लिहिलं. तुला सांगायला अवघड जात असेल, तर मी सांगेन, कऱ्हा हातात धरून. काउंटरवर दुसरं कुणी बघ, आणि आचाऱ्याला कांदा-लसूण भरपूर घालायला सांग. मी मुहूर्ताच्या आधी गायत्रीच्या मागे उभी असेन. शुक्रवारी, सत्तावीस नोव्हेंबरला.