ओजसच्या मुंजीचे अजिन

एश्बॉर्न (जर्मनी), बुधवार, ईमेलने

तीर्थरूप आत्माराममामांच्या चरणी पद्माकरचा साष्टांग नमस्कार. (गुडघा धरल्यामुळे सातच अंगे टेकली, आठवे पुण्याला आल्यावर.) खोकला काय म्हणतो? मामींच्या काढ्याला भिऊन पळाला असेल.

जानव्याला बोटभर कातडे बांधल्याशिवाय बटू हा बटूच नव्हे, असे आपण इथल्या गुरुजींना फोनवर बजावलेत. तेव्हापासून ते बिचारे (सोम ते शुक्र सॉफ्टवेअर, शनि-रवि पौरोहित्य) अजिनाविना ओजसची मुंज लावायला तयार नाहीत, आणि मुंज तर येत्या रविवारी. हरणाचे कातडे इकडे आणणे म्हणजे विमानतळावरच हातकड्या. म्हणून मिंक नावाच्या मुंगसासारख्या प्राण्याच्या फरवर भागवावे असे ठरवून, ओजसला घेऊन, दोन गाड्या बदलून ब्रुन्स नावाच्या मिंकवाल्याकडे गेलो.

तर तिथे अल्पाका! म्हणजे उंटाचा केसाळ, लाजरा चुलतभाऊ. ब्रुन्स म्हणाला, "कायदा आला ना! दर मिंकला ऐसपैस जागा, वर पोहायला पाणी. अहो, मला स्वतःला पोहता येत नाही!" धंदा बदलायला पाच वर्षांची मुदत होती, त्यातली निम्मी त्याने सरकारला शिव्या देण्यात घालवली. शेजारच्या हॉलंडात म्हणे मिंकवाल्यांना भरपाई मिळाली. याला मात्र सरकारी कचेरीतल्या एका बाईंचे व्याख्यान आणि चौदा पानी फॉर्म. आता तो शहरी लोकांना अल्पाका फिरवायला देतो. (फिरवणारेच पैसे देतात. या देशाचे अर्थशास्त्र मला अजून उलगडलेले नाही.)

मी जुन्या कातड्याचा तुकडा मागितला, तोच आमचे चिरंजीव जर्मनमध्ये उद्गारले, "त्या प्राण्याला विचारलं होतं का?"

"तीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नाही," असे म्हणून ब्रुन्सने ओजसच्या हाती फणी दिली. पठ्ठ्याने अल्पाका विंचरला, गळालेल्या केसांचा झुपका वळला आणि जाहीर केले, "हे बांधीन. कातडं बांधलंत तर मी बसणारच नाही. गेनाऊ!" (म्हणजे 'अगदी बरोबर'.) गृह्यसूत्रे कोळून प्यायलेला मी, आठ वर्षांच्या पोराचा झुपका रुमालात बांधून घरी परतलो.

बाकी क्षेम. सौ. साधनाचा नमस्कार.

आपला,
पद्माकर

ता. क. गुरुजींनी झुपका चाचपून "मऊ आहे" म्हटले. पण आपल्या फोनवाचून बांधणार नाहीत. तेवढा फोन करावा.

ता. क. २. काल आई सांगत होती की, माझ्या मुंजीत ऐन वेळी अजिन सापडेना, तेव्हा आपण मामींच्या नव्या पर्सचा बंद कापून भटजींना "कृष्णाजिन" म्हणून दिलात. पर्स रेक्झिनची होती. मामींचा संशय अजून उंदरावर आहे. गुरुजींना फोन शनिवारपर्यंत व्हावा. मामींना मी रविवारी करणार आहे.