करड्या अंगठीचं माप

१२ ऑक्टोबर १९९९, धसई

सोनं नाही, चांदी नाही, कथीलही नाही. मग आहे काय! कसोटीवर घासली, रेघ उमटत नाही. लोहचुंबकाला चिकटत नाही. तेजाबाचा थेंब टाकला — ढिम्म! तळहातावर ठेवली तर आहे की नाही कळू नये इतकी हलकी. तीस वर्षं सोनारकाम केलं आणि आज एका करड्या अंगठीनं मला पुन्हा शिकाऊ केलं.

आणली एका म्हातारीनं. डोंगरातल्या वाडीवरची, काशी नाव. "सुनेची हाय. बोटात ऱ्हात नाय, बारीक करून दे." तिच्या मुलानं आसनगावच्या कारखान्यात भंगारातल्या तुकड्याची केली म्हणे. धातूचं नाव त्यालाही माहीत नाही. सून का नाही आली, विचारलं. "चालवत नाय तिला." आणि सुनेच्या बोटाच्या मापाचा दोरा पुढे ठेवला.

१३ ऑक्टोबर

काल एक गोष्ट लिहिली नाही. त्या दोऱ्याच्या टोकाला एक बारीकशी गाठ आहे. उजव्या हाताचं माप असेल तर टोकाला गाठ, डाव्याचं असेल तर नाही — ही पद्धत माझी. दुसरा कुठला सोनार असं करत नाही. मी ती एकाच माणसाला शिकवली.

प्रेमा. माझी मुलगी. सहा वर्षांपूर्वी वाडीवरच्या जगनबरोबर निघून गेली. मी विहिरीवर जाऊन तिच्या नावानं आंघोळ केली. जिवंत पोरीच्या! चार माणसांत सांगितलं, मला मूल नाही.

तिचं बोट तेरा नंबरचं. हा दोरा अकरा भरला.

१४ ऑक्टोबर

ताराला सांगितलं नाही. बायकोला सांगायचं म्हणजे रडारड.

१७ ऑक्टोबर

कुठलीही अंगठी बारीक करायची रीत एकच. कापायची, तुकडा काढायचा, टोकं जुळवून डाख वितळवून सांधायची. हिच्यावर डाखाचा एक कण ठेवून पाहिला. वितळला आणि अळूच्या पानावरून पाणी जावं तसा घरंगळून गेला! म्हणजे कापली तर पुन्हा सांधणार नाही. तापवली तर आधी सोनेरी झाली, मग जांभळी, मग निळी. माझ्या हातात असला रंग कधी आला नव्हता. घाबरून फुंकणी खाली ठेवली.

ठेवली तेव्हा शेजारी कुणीतरी सुस्कारा सोडला. मी वळून पाहिलंसुद्धा. प्रेमा लहानपणी अशीच शेजारी बसायची. मी फुंकत असलो की श्वास धरून ठेवायची आणि फुंकणी खाली आली की सोडायची.

कोणी नव्हतं. भर दुपार होती.

२१ ऑक्टोबर

काशी आली. अंगठी झाली का विचारलं नाही. नवा दोरा काढून दिला. "आता येवढं झालं."

आठ.

"नऊ दिवसांत?"

"जेवत नाय. मुरबाडला दवाखान्यात नेली व्हती. घरीच नेवा म्हनले."

नाव तिनं घेतलं नाही, मीही घेतलं नाही. दोघांनाही ठाऊक होतं. दोरा खिळ्याला पहिल्या दोऱ्याशेजारी अडकवला. दिवसभर तिकडे पाठ करून बसलो.

२२ ऑक्टोबर

ताराला दोरे दिसले. तिनं गाठ चिमटीत धरली ती सोडेना. सगळं सांगावं लागलं.

"जा ना बघून."

मी म्हणालो, मेलेल्याला बघायला कोण जातं?

असं बोललो मी. स्वतःच्या पोरीबद्दल, या तोंडानं. तारा रडली नाही. एवढंच म्हणाली, "गावाचे कान तुमी टोचता. तुमचे कोन टोचनार?" जेवली नाही. मी जेवलो. मला माझीच लाज वाटते आहे.

२४ ऑक्टोबर

सुचलं! कापायचीच नाही. आतून सोन्याचं कडं बसवायचं. बाहेरून जगनची करडी अंगठी, आत बोटाला लागेल ते माझं सोनं.

ट्रंकेतून तिच्या लग्नासाठी केलेल्या पाटल्या काढल्या. ती सोळाची होती तेव्हा घडवल्या होत्या. एकीचा तुकडा कापला. तारा दिवा पुसल्यासारखं करत बघत उभी होती.

स्वतः घेऊन जाणार आहे. बापानं रिकाम्या हातानं कसं जायचं?

२६ ऑक्टोबर

कडं सैल बसलं. पुन्हा करतो. तारा म्हणते, "तशीच न्या." तशीच कशी न्यायची! सोनाराची लेक, आधी बापाच्या हातचं काम बघेल.

२८ ऑक्टोबर

बसलं! नखालाही सांधा लागत नाही. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम.

उद्याच निघणार होतो. मग वाटलं, दिवाळी दहा दिवसांवर आली आहे. लेकीकडे सणाला गेलेलं शोभतं, सहा वर्षांनी असंच काय उगवायचं? ताराला म्हटलं, फराळ कर, दोघं जाऊ. तिनं भाजणी भाजायला घेतली.

खिळ्यावरचे दोरे हलतात. वारा नाही.

२ नोव्हेंबर

काशी आली. तिसरा दोरा. मापाच्या काठीवर घातला तर टोकालाच अडकला. एवढं बारीक? मी हसलोसुद्धा. म्हटलं, चुकलंय माप.

"चुकलं नाय. तिला नको आता. शनवारी गेली. तिच्या पोरीला कर, पाच वर्साची हाय. दोरा मी धरला, गाठ पोरीनं मारली. आयनं शिकवली व्हती."

टोकाला गाठ आहे. थोडी सैल.

तारानं विहिरीवर दोन बादल्या भरल्या. दोघांनी आंघोळ केली. काशी अजून ओट्यावर बसली आहे. तिला दोरा परत दिला. म्हटलं, पोरीचं माप मी दोऱ्यावरून घेणार नाही. थांब, आम्ही दोघं तुझ्याबरोबर येतो.